पाणी विचारलंस का?

कडावच्या गौराबाईंच्या तांदळाच्या पापडांसाठी त्यांच्या सुनेने, समीक्षाने, वेबसाइट बनवली. दुपारी तिने मोबाइल सासूपुढे धरला; पडद्यावर सगळ्यात वर पापडांचे भाव होते. "आई, बघा, आत्ता चाळीस माणसं आपले पापड बघतायत."

गौराबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "चाळीस माणसं दारात, आनि तू आधी भाव सांगतेस? पानी इचारलंस का गं?"

समीक्षाला हसू आवरेना. तरी सासूच्या समाधानासाठी तिने पाण्याने भरलेल्या तांब्याचा फोटो पहिल्याच पानावर टाकला. खाली लिहिलं, 'या, आधी पाणी घ्या.'

संध्याकाळी दुबईहून पहिला मेसेज आला. ऑर्डर नव्हती.

"पाणी प्यायलो, मावशी. तीन वर्षांत इथं कुणी विचारलं नव्हतं."

वाचता वाचता समीक्षाने ओढणी डोक्यावर घेतली.