आईचं चित्र

पनवेलच्या मिठागरावरचा जगन मुंबईच्या चित्रशाळेत पाच वर्षं शिकून परतला, पण नावाजलेला चित्रकार व्हायचं राहिलं आणि गावानं त्याला भलतंच काम लावलं. घरात कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं आणि त्याचा एकही फोटो नसला, की भिंतीवर लावायला चेहरा हवा म्हणून जगनला बोलावणं यायचं.

आईला साधा हिवताप आला. दोन दिवसांत उठून बसेल, असं डॉक्टर त्याला अंगणात सांगून गेले. शिकत असताना तिचं चित्र काढायचं कबूल केलं होतं, ते आठवून जगन हौसेनं रंगपेटी घेऊन तिच्यासमोर बसला.



आईनं हातातला पेजेचा वाडगा खाली ठेवला. "नको आता, पोरा. डाक्तर तुला भायेर काय बोलला, ते समजलं मला."