परतीचे पाच तास

“जायला एक तास पाच मिनिटं आणि यायला पाच तास,” वेल्टामावशी म्हणाली. “सांग, कसा येईल तो?”

तो म्हणजे तिचा मुलगा ग्विडो. डब्लिनला गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. उद्या यानीचा, ऐन उन्हाळ्यातला शेकोट्यांचा सण. मावशी ओकच्या पानांचे मुकुट विणत होती, एक नवऱ्यासाठी, एक ग्विडोसाठी. गेली तीन वर्षं ग्विडोचा मुकुट खिळ्यावरच वाळत होता. आज पुन्हा विचारायचं होतं. ग्विडो कामावरून सहाला घरी यायचा, म्हणून मावशी फोन करायची ती आठला. आता पावणेआठ झाले होते.

तिच्या भाचीने, इंगुनाने, फ्रिजवरचा विमानाच्या वेळांचा कागद पुन्हा वाचला. रीगाहून सकाळी साडेसहाला सुटून डब्लिनला सात पस्तीसला. डब्लिनहून आठला सुटून रीगाला दुपारी एकला. अक्षर मावशीच्या नवऱ्याचं, आर्विड्सकाकांचं होतं. ती चक्रावली. अंतर तेच, साधारण साडेएकोणीसशे किलोमीटर. विमानही तेच. आणि काकांनी तर तीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं बनवली होती.

“काका, तुम्हाला हे पटतं?”

“कंपनीच्याच वेळापत्रकातून उतरवलंय, पोरी.”

“रेल्वेत असं लिहिलं असतं तर?”

“नोकरी गेली असती.” काका चीज कापत राहिले. “पण रेल्वे जमिनीवरून जाते.”

“पदवी मिळाली की साधं वाचताही येईनासं होतं,” मावशी म्हणाली.

इंगुनाने पेन्सिल घेतली. “अहो, डब्लिनचं घड्याळ आपल्या दोन तास मागे आहे. जायला तीन तास पाच मिनिटं. यायला तीनच. येताना वारा पाठीमागून असतो, म्हणून उलट पाच मिनिटं कमी लागतात.”

मावशीने मुकुटात पुढचं पान खोवलं. आपलं गणित चुकलं की काय, म्हणून तिने ते पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

“फांद्या आणायच्यात,” म्हणत काका उठले. “चल, धरायला ये.”

अंगणात अजून लख्ख ऊन होतं. काका शेकोटीच्या लाकडांपाशी थांबले. “तिच्यासमोर बोलायला नको होतंस. पाच तास म्हटलं की तिला जरा बरं वाटतं.”

इंगुना मान खाली घालून एकटीच आत आली. मावशी फोन हातात घेऊन घड्याळाचा काटा आठवर जायची वाट बघत होती.

“सहा वाजले तिथं,” ती पुटपुटली. “आत्ता दारातून आत शिरला असेल.”

इंगुना बघतच राहिली. मावशीने अंगणाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“मला वजाबाकी येते, हे तुझ्या काकांना कळू देऊ नकोस हं.”