तोंडावर बोट

राजानं डोक्यावर डस्टर ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि समोरच्या प्रजेला विचारलं, “मुलांनो, माझा मुकुट कुठे गेला हो? सकाळपासून शोधतोय.”

राजा म्हणजे वर्गाच्या बाई. निवृत्तीला आलेल्या. उद्या मुलांना बालनाट्याला न्यायचं होतं. म्हणून त्यांनी बाकं नाट्यगृहासारखी दाटीनं लावून घेतली होती आणि फळ्यापुढची जागा रंगमंच ठरवली होती.

वर्ग हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसला होता.

“अरे, दिसतोय ना तुम्हाला? मग सांगा की!”

मुलांनी बोटं आणखी घट्ट दाबली. खडूची भुकटी बाईंच्या चष्म्यावर उतरली, तरी कोणी हूं की चूं केलं नाही.

बाईंना मागचं वर्ष आठवलं. नाटकातल्या विदूषकानं असंच विचारलं होतं, राक्षस कुठे लपलाय म्हणून. अख्खी शाळा तोंडावर बोट. बिचाऱ्यानं पुन्हा विचारलं, हात जोडले, कान पुढे केला. शेवटी राक्षसच पडद्यामागून म्हणाला, “मी इथे आहे.” नाट्यगृहवाले मुलांच्या शिस्तीवर बेहद्द खूश झाले. बाई मात्र परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

“हे बघा,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मी शिकवताना गप्प बसायचं, हे मीच तुम्हाला सांगितलं. पण नाटकात कोणी विचारलं, तर उत्तर द्यायचं. हसू आलं, तर हसायचं. तो पाहुणा एवढा नटूनथटून आपल्याशी बोलायला येतो आणि आपण दगडासारखे बसतो, हे बरं दिसतं का?”

“पण मोठ्या बाई म्हणाल्यात...” पहिल्या बाकावरून, बोटाच्या फटीतून आवाज आला.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी बजावलं होतं: आज तालमीत जो आवाज करेल, तो उद्या शाळेतच बसेल, मग तो कोणीही असो. बोलताना त्यांची नजर भोंग्यावर होती.

भोंगा म्हणजे तिसऱ्या बाकावरची मुलगी. चणीनं एवढीशी, पण हसली की शेजारच्या वर्गातली गणितं चुकायची. आत्ता तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. गाल टम्म फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

“ए भोंग्या, गिळ ना!” शेजारीण कुजबुजली. “उद्या एकटीच बसशील इथे.”

बाईंनी उसासा टाकला. “म्हणजे मुकुट गेलाच म्हणायचा. मग मी राजा कसला? जातो आता घरी, भांडी घासतो.” आणि राजा ऐटीत वळला तो थेट कपाटावर धडकला.

भोंगा वाजला.

“अहो, डोक्यावर! तुमच्याच डोक्यावर आहे!” आणि मग ते हसू. थांबवलं तरी थांबेना.

दार उघडलं. मोठ्या बाई वयानं बाईंपेक्षा लहान होत्या, पण त्या आल्या की खोलीसुद्धा सावरून बसायची.

“बाई, ही काय नाटकं चालली आहेत?”

“नाटकच चाललंय.”

“कोण हसलं ते विचारायला नको. ऊठ गं. उद्या तू शाळेत.”

भोंगा उभी राहिली. तिची मान खाली गेली नाही. “राजानं विचारलं म्हणून मी सांगितलं. कोणीच सांगितलं नसतं, तर तो शोधतच बसला असता.”

“उलट उत्तर देतेस?”

“सरळच दिलंय तिनं,” बाई म्हणाल्या. “ही येणार नसेल, तर मीही येणार नाही. या बाकीच्यांना तुम्हीच घेऊन जा. पुतळे आहेत, काही त्रास नाही. फक्त धक्का लागून पडणार नाहीत एवढं बघा.”

बाईंना असं बोलताना वर्गानं कधी ऐकलं नव्हतं. मोठ्या बाईंनीही नसावं.

“नियम म्हणजे नियम, बाई. सगळ्यांना सारखा. आणि आधी तो डस्टर खाली ठेवा, मुलांसमोर शोभत नाही.”

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. मान ताठ ठेवून, जपून खुर्चीमागे डोकावल्या. “कुठला डस्टर?”

“तो काय!”

“कुठे? मला तर दिसत नाही.” बाईंनी दोन्ही हात पसरले.

“अहो, डोक्यावर! तुमच्या डोक्यावर!” मोठ्या बाई ओरडल्या. भोंग्याच्या वरताण.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांच्या मनातलं भोंग्यानंच विचारलं. चेष्टेनं नाही, अगदी कळवळून.

“मोठ्या बाई, मग आता तुम्हालाही उद्या नाही का येता येणार?”

मोठ्या बाईंच्या ओठांची एक कड हलली, ती त्यांनी दातांखाली धरली. मग त्या वळल्या. “बस आठला सुटेल,” त्या दारातून पाठमोऱ्याच म्हणाल्या. “सगळ्यांनी वेळेवर या.”

“सगळ्यांनी म्हणजे?” बाईंनी मोठ्यानं विचारलं.

“सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी! एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?”

पावलं दूर गेली. बाईंनी वर्गाच्या खिडक्या एकेक करून सताड उघडल्या आणि त्या फळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“आता मी विदूषक. राक्षस माझ्या पाठीमागे आलाय आणि मला पत्ताच नाही. भोंग्या, तू सुरुवात कर.”

“मागे!” भोंगा ओरडली. “मागे बघा!”

मग तिचं बाक ओरडलं, मग पुढचं, मग भिंतीलगतचं. “मागे! आला! पळा!” हाताच्या घड्या सुटल्या, मुलं बाकांवर चढली. आवाज खिडक्यांतून मैदानावर गेला आणि मैदान ओलांडून फाटकापर्यंत पोचला.

फाटकावरचा रखवालदार काठी उगारून धावत आला आणि दारात धापा टाकत उभा राहिला.

“कुठंय? कुठंय तो?”