गणितबाईंचा पहिला शब्द

“हे काय आहे? सांगा बरं.” डॉक्टरांनी चमचा वर धरला.

गणितबाईंनी चमच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. ज्यांचा सिद्धांत देशोदेशी शिकवला जातो, त्यांना चमचा ओळखायला लावत होते. शिंपीकाकांना बघवेना.

“आता बोलतील की नाही, सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

शिंपीकाका म्हणजे बाईंचा नवरा. गणिताशी त्यांचं हाडवैर. आणि बाईंना तर चूक म्हणून खपत नसे. भाजीवाल्याची बेरीज असो की काकांनी घेतलेलं बाहीचं माप, आतून आवाज यायचाच, “चूक!” काका जन्मभर त्या शब्दावर वैतागले. आता तोच ऐकायला जीव टाकत होते.

त्यांनी बाईंचं त्या सिद्धांतावरचं गाजलेलं पुस्तक उघडलं. पायाशी बाईंची विद्यार्थिनी बसली होती. आता ती स्वतः प्राध्यापक होती.

“काका, कळत नाही तर वाचणार कसं?”

“लोकरीचा कोट शिवायला मेंढी व्हावं लागतं का गं?”

काका अडखळत वाचू लागले. अमुक बरोबर तमुक, म्हणून ढमुक. पानामागून पान उलटलं.

“चूक.”

काकांचा चष्मा घसरला. “काय म्हणालीस?”

“चूक.” बाईंनी डाव्या हाताचं बोट कसंबसं एका ओळीवर ठेवलं.

“बोलली! माझंच वाचायला चुकलं असणार,” काका एकाच वेळी हसत होते आणि रडत होते.

विद्यार्थिनीने ओळ पाहिली. तिचा चेहरा पडला. “तुम्ही बरोबर वाचलंत, काका. बाईंचाच गोंधळ होतोय.”

काकांना पटेना. त्यांची समजूत पटावी म्हणून ती औषधाच्या खोक्यावर गणित मांडू लागली. एक ओळ, दुसरी ओळ, आणि हात थांबला. तिने पुन्हा मांडलं. पुन्हा तिथेच अडलं.

“काका, बाईंचंच खरं आहे. इथे चूक आहे. इतकी वर्षं कुणालाच दिसली नाही.” तिने खोका खाली ठेवला. “बाईंचा सिद्धांत गेला हो!”

“जाऊ दे गं गेला तर,” काकांनी डोळे पुसले. “ही आली ना परत!”

तेवढ्यात खाटेवरून दुसरा शब्द आला.

“पेन्सिल.”