होणाऱ्या जावयाची तोंडी परीक्षा

"मग व्हेप ओढतोस की नाही?" इद्रीसभाईंनी हातातलं सांदण ताटात ठेवून विचारलं.

रेहान तयारीतच आला होता. "ओढायचो, अंकल. रमजानपासून खलास."

समोर बसलेल्या तहसीनने मान खाली घातली, पण ती हसत होती. ई-सिगारेट तिनेच सोडायला लावली होती. "व्हेप तरी, नाहीतर मी तरी," असं बजावलं होतं. अब्बा हल्ली घरी येईल त्या पोराला त्याबद्दलच खोदून विचारतात, हेही तिने सांगून ठेवलं होतं. तिचे चुलतभाऊदेखील सुटले नव्हते.

आज आखातातल्या, अल मनखूलच्या या घरातून होकार आला नाही, तर तहसीनसाठी चिपळूणचं स्थळ पक्कं होणार होतं. बिचाऱ्या रेहानचा जीव टांगणीला लागला होता.

"सुरू कशी झाली?"

"कलीग्जमुळे. ब्रेकमध्ये सगळे खाली जायचे. मी एकटा वर बसून काय करणार?"

"आणि फ्लेव्हर?"

"तोच तर ट्रॅप आहे, अंकल! आंबा, कलिंगड, पुदिना. घरी वास कळत नाही. सिगारेटपेक्षा सेफ आहे, असं कुणीतरी सांगतं, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं."

"मुलीपण घेतात?"

"घेतात ना. त्यांना छोटं लागतं, पर्समध्ये मावणारं. कलर छान हवा."

रेहानला आता चांगलाच सूर लागला होता. पोरं कशाला भुलतात ते तो पोटतिडकीने सांगत राहिला. उभा जन्म अत्तराच्या धंद्यात घालवलेले इद्रीसभाई जेवण विसरून ऐकत होते. मधूनमधून "माशाल्ला" म्हणत होते. तहसीनच्या अम्मीने, साजिदाने, न विचारताच त्याला आणखी रस्सा वाढला.

हात धुऊन आल्यावर इद्रीसभाईंनी त्याला कडकडून मिठी मारली.

"माझ्याकडून हो. तुझ्या अब्बांना आजच फोन करतो."

साजिदाने डोळ्यांना पदर लावला. तहसीन लाजून आत पळाली. रेहानला आनंद पोटात मावेना.

"अत्तर आता कोण घेतं, हबीबी?" इद्रीसभाई त्याला सोफ्यावर बसवत म्हणाले. "अल बर्शाच्या दुकानात पुढच्या महिन्यापासून व्हेपच ठेवतोय. किती पोरांना विचारलं, पण गिऱ्हाईक तुझ्याइतकं कुणालाच कळलं नाही. शनिवार-रविवार तुला सुट्टीच असते, काउंटर तूच सांभाळ. आणि नवा फ्लेव्हर आला, की आधी तू ओढून बघायचा, मगच मी माल उचलणार."