लॅब क्रॉस

धनेशशेठनी कुत्र्याच्या डोक्यावरची चिकटपट्टी एका झटक्यात ओढून काढली, आणि त्याचे दोन्ही कान ताडकन उभे राहिले.

"बघा," ते समृद्धीला म्हणाले. "हा लॅब हाय?"

समृद्धीनं पाहिलं. पाहण्यासारखं नवं काही नव्हतं. पिवळा रंग, लांब पाय, वर वळलेली शेपटी आणि हे कान. पनवेलच्या कुठल्याही नाक्यावर असा एक झोपलेला सापडतो. उन्हाळ्यात भाजी मार्केटच्या मागे गोणीत सापडला होता, तेव्हा मात्र त्याचे कान पडलेले होते, पिल्लांचे असतातच. टाकून दिलेली कुत्री उचलायची, घरी सांभाळायची आणि त्यांना मालक शोधून द्यायचा, असं काम करणाऱ्या मंडळींपैकी समृद्धी एक. तिनं त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, लॅब क्रॉस, म्हणजे अर्धा लॅब्राडोर. त्यांच्यात सगळेच लिहितात. पिवळं पिल्लू लॅब, काळं रॉटवायलर, आणि केसाळ असेल तर त्याचं नशीबच उघडलं. गावठी असं खरं लिहिलं की खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. घर मिळत नाही.

शेठना लॅब हवा होता, तोही फुकट, आणि वर थोडं पुण्य मिळालं तर नको नव्हतं. समृद्धीला पिल्लानं अडवलेलं तिचं बाथरूम रिकामं करायचं होतं. दोघांचंही भागलं होतं.

आता शेठ झोपाळ्यावर बसून शांतपणे बोलत होते, आणि त्या शांतपणाचाच जास्त त्रास होत होता. भाचीच्या हळदीला माणसं आली. जो तो विचारायला लागला, शेठ, जमीन गेली, टॉवर आला, गाडी आली, आणि कुत्रा अजून बेलपाड्याचाच कसा? शेठ स्वतः बेलपाडा गावचेच. पण ते वेगळं. त्यांनी हौसेनं त्याचं नाव सुलतान ठेवलं होतं. आता चार माणसांत त्या नावानं हाक मारायची लाज वाटते म्हणाले.

"मारला नाय, उपाशी ठेवला नाय. पण फसवलात ना तुमी आमाला."

पट्टी त्यांच्या बायकोनं लावली होती. ती, भाविका, दारातच उभी होती. कान चोळायचे, खाली दुमडायचे आणि वरून पट्टी मारायची, असं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. शेठ साइटवर गेले की ती रोज ते करायची, आणि सुलतान तिच्या मांडीवर डोकं टाकून करू द्यायचा. ती त्याला बाला म्हणायची, पोटच्या पोरासारखं. मुलं शिकायला बाहेर, शेठ घरी यायचे ते रात्री जेवायला. त्या तीन मजल्यांच्या घरात दिवसभर ती बोलत होती ती त्याच्याशीच. कानाला लागलंय म्हणून पट्टी, असं तिनं शेठना सांगितलं होतं. आज ते उघडं पडलं.

"ही म्हणते, मोठा झाला की पडतील कान परत," शेठ म्हणाले. "तुमी जाणकार. सांगा, पडतील? पडणार असतील तर ठेवतो. माझं काय जातंय?"

भाविकानं समृद्धीकडे पाहिलं. विनवणी इतकी उघड होती की शेठनी मान वळवली असती तर त्यांनाही दिसली असती.

एका शब्दाचं काम होतं. पण समृद्धीबरोबर गाडी घेऊन आलेला प्रणित शेजारच्या खुर्चीत होता आणि त्यानं ते 'फसवलात' ऐकलं होतं. उद्या तो ते सगळ्या मंडळींना सांगणार. ती ताठ बसली.

"नाही पडणार," ती म्हणाली. "आता खोटं नाही बोलणार मी. गावठीच आहे तो."

तिला एकदम बरं वाटलं. त्या भरात तिनं शेठना गावठी कुत्र्यांची महती सांगितली: लॅबपेक्षा हुशार, कमी आजारी पडतात, मालकासाठी जीव देतात. शेठनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "मंग तुमीच ठेवा."

पट्टा सोपवायला भाविका गेटपर्यंत आली. कुत्रा तिच्या पायात घुटमळत होता. फिरायला निघालोय असंच त्याला वाटत असणार. तिनं पट्टा समृद्धीच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"तवा खोटं बोललात ना, ताई?" ती हळू म्हणाली. "मंग आज बोलायला काय झालं होतं?"

तिनं पट्टा सोडला आणि ती आत वळली. गेट लागलं.

समृद्धीच्या बाथरूममध्ये आता एक कुत्री पिल्लं घेऊन बसली होती. बाल्कनीतही जागा नव्हती. प्रणित म्हणाला, उजेड आहे तोवर इथेच फोटो काढू आणि लगेच टाकू. समृद्धीनं कानांच्या केसांना चिकटलेला गोंद नखानं खरवडून काढला आणि कुत्र्याला कंपाउंडच्या भिंतीशी उभं केलं. तो एका जागी राहीना.

तेवढ्यात आत नळाखाली त्याची थाळी घासल्याचा आवाज आला. तो गेटकडे वळला आणि थिजला. कान टोकापर्यंत उभे, मान ताठ, नजर गेटच्या फटीत.

प्रणितनं तेवढ्यात फोटो काढून घेतला. पहिलाच, आणि इतका चांगला आला की दुसऱ्याची गरज नव्हती. फोटोतून शेपटी तेवढी कापू, तो म्हणाला.

समृद्धीनं फोटो पाहिला. मग खाली लिहिलं: जर्मन शेफर्ड क्रॉस. राखणीला उत्तम.