पाहुण्यांची बशी

नेकनूरच्या डॉक्टरांनी गयाबाईला नवऱ्याच्या खोकल्यातून पडणाऱ्या बेडक्याचा रंग विचारला. बिड्यांनी छाती पोखरलेला तो वर्षानुवर्षं राखेच्या डब्यात थुंकायचा. राखेत रंग कुणाला दिसणार? "आता पांढऱ्या बशीत बघा," डॉक्टर म्हणाले. "हिरवा म्हणजे जंतू. गोळ्यांनी पांढरा व्हायला हवा." घरात पांढरी बशी एकच, व्याह्यांसाठी फडताळात जपलेली. तिनं तीच काढली. रोज सकाळी ती बशी उन्हात धरायची. हिरवा, हिरवाच, मग पिवळसर. दोन शब्द बोलला की म्हातारा धापा टाकायचा. सहाव्या दिवशी बशीत काहीच दिसेना. तिरकी केली तेव्हा कळलं, बेडका पांढराच होता. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "पाव्हण्याची बशी काहून नासवलीस? व्याह्याला काय राखंच्या डब्यात च्या देणार हायस?" सगळं एका दमात. "व्हय, देणार," गयाबाई म्हणाली आणि पुढचं ऐकायला खाटेजवळ बसली.